समाजमाध्यमांचा विनियोग : एका संगणक अभियंत्याचे विचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 माझा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा. घरोघर आज त्याला ‘सॉफ्टवेअर’ ह्याच नावाने ओळखतात. व्यासपीठावरून बोलण्याचा मला सराव नाही. तथापि चिटणीसांनी विषयच असा सुचविला की, त्याविषयी मौन धरणे मला प्रशस्त वाटेना. समाजमाध्यमे वापरावीत की वापरू नयेत, आणि वापरल्यास त्यांचे खरे मोल कोणते, हा तो विषय होय.

ह्या प्रश्नावर आपल्या बहुतेक घरांत दोन पक्ष पडलेले दिसतात. वडील मंडळी म्हणतात की, ह्या फोनने मुलांचे वाचन गेले, झोप गेली आणि घरातले बोलणेही गेले. तरुण मंडळी म्हणतात की, नोकरीची बातमी, अभ्यासाची टिपणे, मित्रांचे क्षेमकुशल हे सारे आता तेथेच मिळते. ते सोडा म्हणणे म्हणजे रस्त्यावर चालू नका म्हणण्यासारखेच आहे. गंमत अशी की, ज्येष्ठांचा हा आक्षेपही आमच्यापर्यंत बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच येऊन पोहोचतो! दोन्ही पक्षांत तथ्य आहे; परंतु दोघेही ‘समाजमाध्यमे’ ही एकच वस्तू आहे असे गृहीत धरून बोलतात. ही यंत्रे आतून कशी चालतात हे पाहिल्यास त्यांचे दोन भिन्न प्रकार आहेत हे ध्यानी येईल, आणि निम्मा वाद तेथेच मिटेल.

पहिला प्रकार टपालाचा. व्हॉट्सअ‍ॅप हे त्याचे परिचित उदाहरण. तेथे एक मनुष्य लिहितो, दुसऱ्यास अथवा एखाद्या समूहास पाठवितो, आणि ते जसेच्या तसे पोहोचते. काय पाठवावे हे पाठविणारा ठरवितो. दुसरा प्रकार फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब ह्यांचा. तेथे आपल्यापुढे काय यावे हे मुख्यत्वे आज्ञावली ठरविते. आपण कोणत्या चित्रावर किती क्षण थांबलो, कशावर बोट ठेवले, काय अर्ध्यावर सोडले, ह्याची ती नोंद ठेविते आणि त्यावरून आपल्याला पुढे काय दाखविल्यास आपण आणखी थांबू ह्याचा अंदाज बांधते. त्या अंदाजाप्रमाणे क्रम लावला जातो. ह्यात वैर नाही आणि प्रेमही नाही. केवळ गणित आहे.

हे गणित कोणासाठी मांडलेले आहे हे समजण्यास, यंत्राची मजुरी कोण देतो एवढे पाहिले की पुरे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ह्या तिन्हींची मालकी मेटा ह्या एकाच कंपनीकडे आहे. तिचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते, आणि त्यांपैकी सुमारे १६० अब्ज डॉलर केवळ जाहिरातींचे होते. म्हणजे गिऱ्हाईक जाहिरातदार होय, आपण नव्हे. जाहिरातदारास जे विकले जाते ते आपले लक्ष. हर्बर्ट सायमन ह्या विद्वानाने १९७१ सालीच दाखवून दिले होते की, माहिती विपुल झाली म्हणजे लक्ष दुर्मिळ होते. जे दुर्मिळ असते त्याचा बाजार भरतो, हा व्यवहाराचा जुनाच नियम आहे.

माझ्याच व्यवसायातील मंडळींनी ह्या बाजाराची अवजारे घडविली, हे मी लपवीत नाही. बोटाने पडदा वर सरकवीत राहावे आणि पान कधी संपूच नये, ही युक्ती २००६ साली आझा रॅस्किन ह्या रचनाकाराने योजिली. दुसऱ्या पानासाठी वाचकास थांबावे लागू नये, असा तिचा साधा हेतू होता. पुढे त्यानेच तिच्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे पान संपते, ताटातली भाकरी संपते. आणि ‘आता पुरे’ हे मनाला तेथे सुचते. जेथे शेवटच नाही तेथे ‘पुरे’ म्हणण्याचा भार सर्वस्वी आपल्या निश्चयावर पडतो. मुलाच्या हातून फोन सुटत नाही तो केवळ त्याच्या मनाच्या दुबळेपणामुळे, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

आता दुसरी बाजू पाहू. ह्या माध्यमांचे मोल कोणते? मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नोकरीची बातमी माणसाला जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, हे त्याने त्यात मांडले. कारण उघड आहे. आपल्या जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती थोड्या दूरच्या माणसाकडून. २०२२ साली लिंक्डइन ह्या व्यावसायिक ओळखींच्या माध्यमावरील २ कोटींहून अधिक लोकांच्या ओळखींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फार जवळची नव्हे आणि अगदी पुसटही नव्हे, अशी मधल्या प्रतीची ओळखच नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी पडते, असे त्यात आढळून आले.

ज्ञातिबंधूंनो, ह्या निष्कर्षाचा आपल्या मंडळाशी निकटचा संबंध आहे. आपला ज्ञातिसमूह म्हणजे जवळच्यांचा समूह. अडीअडचणीला धावणे, आजाऱ्याची विचारपूस, गरजू विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती ही कामे जवळचेच करतात आणि ती त्यांनीच करावीत. परंतु तालुक्याच्या गावातून पदविका घेऊन निघालेल्या मुलाला पहिली नोकरी हवी असेल, तर आपल्या समूहात दिवसभर बसून ती मिळणार नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी विद्यार्थी वसतिगृहांना आश्रय दिला. मुलाने वसतिगृहातच राहावे एवढ्यासाठी ती नव्हती; तेथून निघून त्याने सर्वांच्या शाळेत, सर्वांच्या बरोबरीने बसावे ह्यासाठी होती. आपला समूहही तसाच असावा. त्याचे दार बाहेरच्या बाजूस उघडणारे हवे.

माझ्या व्यवसायाने ह्याबाबत एक चांगला वस्तुपाठ घालून दिला आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने संगणकांच्या एका सार्वजनिक चर्चामंचावर सांगितले की, आपण हौसेने एक कार्यप्रणाली लिहीत आहो. तीत काय असावे ते सुचवा. अनोळखी लोकांनी सूचना केल्या, चुका दाखविल्या, भर घातली. तीच पुढे ‘लिनक्स’ झाली, आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तिचाच गाभा आहे. आम्ही संगणकवाले अद्यापि असेच शिकतो. अडचण चारचौघांत नीट मांडावयाची, काय करून पाहिले ते सांगावयाचे, आणि उत्तर मिळाले की ते इतरांसाठी तेथेच राहू द्यावयाचे. विचारणाऱ्याची जात, गाव, हुद्दा तेथे कोणी विचारीत नाही; प्रश्न नीट मांडला आहे की नाही एवढेच पाहतात. आपल्या मुलामुलींना समाजमाध्यमांवर जावयाचे असेल, तर प्रथम प्रश्न विचारण्याची ही कला त्यांना शिकवा. नुसता प्रेक्षक होऊन बसण्यापेक्षा ते शतपटीने हितावह आहे.

संकटसमयी तर ह्या माध्यमांचे मोल प्रत्यक्ष दिसून आले. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा संगणक अभियंत्यांनी अल्पावधीत एक संकेतस्थळ उभारून अडकलेल्यांची ठिकाणे आणि मदतीच्या मागण्या एकत्र केल्या. एप्रिल-मे २०२१ मधील करोनाच्या लाटेत प्राणवायू, खाटा आणि औषधे ह्यांची माहिती लोकांनी ह्याच मार्गाने एकमेकांना दिली. परंतु त्या वेळी एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या याद्या नुसत्या पुढे ढकलल्या गेल्या त्या काही तासांत शिळ्या झाल्या. रुग्णाचे आप्त फोन करकरून थकले. ज्या याद्यांमागे कोणी तरी बसून प्रत्येक क्रमांकावर स्वतः विचारणा करीत होते आणि संपलेली नोंद खोडीत होते, त्याच उपयोगी पडल्या. माध्यम तेच, फरक पडला तो जबाबदारी घेणाऱ्या माणसामुळे.

हीच जबाबदारी नसली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ हा रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाहेरगावाहून आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर उदरनिर्वाह करणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, ह्या अफवेचे संदेश त्या सुमारास फोनाफोनांवर पसरले होते. आणि अनोळखी माणसे दिसताच संशयाला तेवढे पुरे झाले. हा संदेश ज्यांनी ज्यांनी पुढे पाठविला त्यांपैकी बहुतेकांची समजूत हीच असेल की, आपण आपल्या मुलांच्या काळजीपोटी एक सत्कृत्य करीत आहो. ज्यांच्या पाठीशी मोठे मंडळ नाही, ज्यांना ओळख देणारा गावात कोणी नाही, अशा पाच गरीब माणसांचे प्राण त्या काळजीने घेतले. ह्याहून कठोर इशारा दुसरा कोणता असू शकेल?

त्यानंतर कंपनीने काही बंधने घातली. २०१८ सालीच भारतात एक संदेश एका वेळी पाचाहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये असे केले, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. अशा संदेशावर दोन बाणांची खूण असते. ती पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी. परंतु एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश अशा रीतीने कुलूपबंद असतो की, पाठविणारा आणि ज्याला तो मिळतो तो, ह्यांखेरीज मधल्या कोणासही तो वाचता येत नाही. प्रत्यक्ष कंपनीसही नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. पण त्याचा अर्थ असाही होतो की, ह्या टपालाला संपादक नाही. आपल्या स्मरणिकेत एखादा लेख छापावयाचा तर संपादक तो वाचतात, शंका आली तर लेखकाला विचारतात, आणि चूक छापली गेली तर तिला जाबदार असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ते आसन रिकामे आहे. ते ज्याचे त्याने घेतले पाहिजे. बोट दाबणारा प्रत्येक जण संपादक होय.

आता मी अशा विषयाकडे वळते की, जो आपल्या घराघरांतील मुलींशी निगडित आहे. वधूवरसूचनेचे कार्य आपले मंडळ निष्ठेने करीत आले आहे. पूर्वी नोंदवही कार्यालयात असे आणि ती पाहण्यास यावे लागे. आता स्थळांची माहिती समूहावर टाकली जाते : छायाचित्र, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, नोकरीचे ठिकाण, वेतन, राहत्या घराचा पत्ता आणि फोन क्रमांक. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका समूहात १,०२४ माणसे असू शकतात. त्यांतील प्रत्येकाच्या फोनवर ही माहिती उतरते, आणि तेथून ती कोठे जाईल ह्यावर कोणाचाही ताबा राहत नाही. कार्यालयातली वही परत कपाटात ठेविता येते. हे पान परत घेता येत नाही. मुलीचा विवाह होऊन पाच वर्षे लोटली तरी तिचे छायाचित्र परक्या माणसाच्या फोनवर पडून असते. शिवाय नाव, जन्मतारीख आणि फोन क्रमांक ही तीन एकत्र मिळाली की ठकसेनाचे निम्मे काम होते. अशाच माहितीच्या आधारे पोलीस अथवा न्यायाधीश असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतात आणि वृद्धांची आयुष्याची पुंजी लुटतात. अशा प्रकारची अटक कायद्यात अस्तित्वातच नाही, हे येथे जमलेल्या प्रत्येक ज्येष्ठाने ध्यानात ठेवावे. आणि फसवणूक झाल्यास संकोच न करता तत्काळ १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आणि संमती हे तत्त्व त्याच्या मुळाशी ठेविले. परंतु कायद्याची भीती हे माझे मुख्य कारण नव्हे. ज्या मुलीची माहिती आपण हजार जणांपुढे ठेवितो, तिला आपण विचारले होते काय? बहुतेक घरांत वडिलांनी किंवा मामांनी ती परस्पर पाठविलेली असते. हेतू शुद्ध असतो. पण ज्ञातीचा आधार मुलींना वाटावा असे आपल्याला वाटत असेल, तर ज्ञातीच्या समूहाची त्यांना धास्ती वाटता कामा नये.

मुलांविषयी दोन शब्द. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अंमलात आला. ह्या माध्यमांचा मुलांच्या मनावर नेमका किती परिणाम होतो ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि कायद्याने सर्व साधेल असे मला वाटत नाही. घरचा नियम कायद्याहून परिणामकारक ठरतो; मात्र तो सर्वांना सारखा हवा. जेवताना फोन बाजूस ठेवावयाचा तर प्रथम वडिलांनी ठेवावा. रात्री तो उशाशी नको असेल तर आजोबांच्याही उशाशी नसावा. मुले ऐकून थोडे शिकतात, पाहून पुष्कळ शिकतात.

शेवटचा मुद्दा ह्या स्मरणिकेचा. छपाईचा खर्च वाढला, तेव्हा स्मरणिका बंद करून सर्व मजकूर समूहावरच द्यावा, अशी सूचना काही सभासदांकडून आली आहे. मी संगणकाच्या व्यवसायातील असल्यामुळे तिला माझा पाठिंबा असेल असा पुष्कळांचा समज झाला. तो दूर केला पाहिजे. ‘ऑर्कुट’ हे माध्यम जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. भारतात ते कमालीचे लोकप्रिय होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. २०११ साली निघालेले ‘गूगल प्लस’ २०१९ साली मिटले. ‘मायस्पेस’ ह्या माध्यमावर लोकांनी बारा वर्षे साठविलेली गाणी यंत्रे बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले. माध्यम चालविणाऱ्यांना आपल्या आजोबांच्या आठवणी जपण्याचे कर्तव्य नाही, आपल्याला आहे. पन्नास वर्षांपूर्वीची स्मरणिका आजही कपाटातून काढून उघडता येते. गतवर्षीच्या दिवाळीला समूहावर आलेला लेख आज शोधून दाखवा म्हटले, तर किती जणांना सापडेल?

म्हणून माझ्या चार नम्र सूचना आहेत. पहिली, स्मरणिका छापली जावी. प्रती कमी काढाव्यात, दूरच्या आणि परदेशस्थ सभासदांना ती संगणकीय प्रतीच्या रूपाने पाठवावी, आणि एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयास भेट द्यावी. दुसरी, वधूवरांची माहिती समूहावर न टाकता केवळ नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि वय एवढेच द्यावे. पुढील माहिती उमेदवाराच्या स्वतःच्या लेखी संमतीने कार्यालयामार्फत कळवावी. तिसरी, समूहावर कोणतीही बातमी देताना ती कोठून आली आणि आपण ती पडताळली काय, हे देणाऱ्याने दोन शब्दांत लिहावे. नसल्यास देऊ नये. चौथी, व्यवसायात स्थिरावलेल्या सभासदांनी वर्षातून निदान दोन विद्यार्थ्यांची आपल्या व्यवसायातील ज्ञातीबाहेरच्या माणसांशी ओळख करून द्यावी. ह्या चारही गोष्टींना वेगळी वर्गणी लागत नाही. थोडी शिस्त लागते.

समाजमाध्यमे चांगली की वाईट, ह्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : जेथे आपण हेतू धरून जातो, काम करतो आणि परत येतो, तेथे ती मोलाची आहेत. जेथे आपला हेतू संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, तेथे ती महाग पडतात. हा उंबरठा ओळखणे फार अवघड नाही. हातातला फोन खाली ठेवताना ‘मी कशासाठी उचलला होता?’ एवढे स्वतःस विचारले की तो दिसतो.